वृत्तलेखातील करुण आणि कर्ता

वृत्तपत्रांच्या रविवारच्या अंकांतून, आणि प्रसंगी पहिल्या पानावरूनही, जो एक लेखनप्रकार नियमाने वाचावयास मिळतो, त्याला इंग्रजीच्या अनुकरणाने ‘ह्यूमन इंटरेस्ट स्टोरी’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. एखाद्या धोरणाचे, आपत्तीचे अथवा आंदोलनाचे वृत्त न देता त्याच्या कक्षेत सापडलेल्या एका माणसाचे किंवा कुटुंबाचे वृत्त द्यावयाचे आणि त्याच्या द्वारा वाचकाचे मन हेलावावयाचे, हे या प्रकाराचे सर्वमान्य प्रयोजन होय. मराठीत त्याला ‘भावस्पर्शी वृत्तलेख’ म्हणावयास हरकत नाही. न्यूयॉर्क येथे १८३३ साली एक सेंट किमतीचे ‘सन’ हे दैनिक निघाले आणि पोलीसकोर्टात येणाऱ्या सामान्य माणसांच्या कहाण्या छापून त्याने खप मिळविला, तेव्हापासून या प्रकाराचा इतिहास सांगण्याची रीत आहे. हेलन मॅक्‌गिल ह्यूज यांनी १९४० मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मराठीत त्याचे मूळ शोधावयाचे तर वृत्तपत्राबाहेरही पाहावे लागते. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा निबंध खरा. परंतु त्यात कुणब्याच्या घरादाराचे जे बारीक, वस्तुवार वर्णन येते, ते कोणत्याही वृत्तलेखकाने आजही अभ्यासावे अशा योग्यतेचे आहे.

असे लेखन परिणामकारक कशाने होते, हा प्रश्न वरवर पाहता पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकाचा वाटतो. वस्तुतः तो भाषेचा प्रश्न आहे, आणि काव्यशास्त्राचाही. नाशिकमध्ये तो विचारण्यास एक विशेष औचित्य आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील ज्या तिसऱ्या अंकात करुण हाच एक मूळ रस असल्याचा पक्ष मांडला गेला, त्याची भूमी जनस्थान-पंचवटीची आहे, आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांना करुणाची जी सर्वांत ठळक चित्रे मिळाली, त्यांपैकी दोन याच जिल्ह्यातून मिळाली. दोन्ही २०१८ सालची आहेत. एक मार्चमधील शेतकऱ्यांच्या पायी मोर्चाचे, दुसरे नोव्हेंबरमधील कांद्याच्या पट्टीचे. या दोन वृत्तांच्या आधाराने प्रस्तुत विचार केला आहे.

प्रथम एक जुनाच नियम. रस हा त्याच्या नावाने सांगता येत नाही, असे आनंदवर्धनाने नवव्या शतकात प्रतिपादिले. मम्मटाने पुढे ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची गणना करताना भावाचा किंवा रसाचा स्वशब्दाने उच्चार करणे हा पहिल्या दोषांत धरला. शोक उत्पन्न करावयाचा तर शोकाची कारणे आणि त्याची दृश्य चिन्हे दाखवावी लागतात. ‘शोक’ हा शब्द लिहिल्याने शोक होत नाही. मराठी वृत्तलेखाची भाषा हा नियम पदोपदी मोडताना दिसते. ‘काळजाला घरे पाडणारी’, ‘मन सुन्न करणारी’, ‘हृदयद्रावक’, ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’, ‘उपस्थितांना अश्रू अनावर झाले’ ही पदे इतकी घासली गेली आहेत की, त्यांचा आता अर्थ उरलेला नसून केवळ कार्य उरले आहे. पुढे करुण मजकूर आहे, एवढी सूचना ती देतात. रेल्वेच्या फाटकावरील लाल दिव्यासारखे त्यांचे स्थान आहे. ‘उपस्थितांना’ हा शब्द तर विशेष पाहण्यासारखा आहे. वाचकाने रडावे ही अपेक्षा उघड सांगता येत नाही म्हणून लेखक अगोदर काही निनावी माणसांना रडावयास लावतो. सहृदयाचे काम परस्पर दुसऱ्याकडे सोपविल्यावर वाचक कोरडा राहिला तर नवल नाही.

याच्या उलट टोकाला कांद्याचे वृत्त ठेवता येते. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ७५० किलो कांदा बाजार समितीत विकला. किलोला १ रुपया ४० पैसे दराने त्याच्या हाती १०६४ रुपये पडले. ही सर्व रक्कम त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे आपत्ती निवारण निधीसाठी पाठविली, आणि मनीऑर्डरीचा खर्च म्हणून पदरचे ५४ रुपये भरले. एवढेच वृत्त. ते देशभर छापले गेले, परदेशी वाचले गेले. त्यात एकही भाववाचक विशेषण लागत नाही. ज्यांनी ते घातले त्यांच्या मजकुराचा जोर त्या प्रमाणात उणा झाला.

या वृत्तातील आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण भावस्पर्शी लेखनात आकडा हा भावनेचा शत्रू असतो असा एक गैरसमज संपादनकक्षांतून रूढ आहे. बाजार समितीत कांद्याचा भाव क्विंटलवर पुकारला जातो. लासलगाव असो की निफाड, शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘१४० रुपये क्विंटल’ हीच भाषा येते. किलो हे एकक गिऱ्हाइकाचे, म्हणजे शहरी वाचकाच्या स्वयंपाकघराचे आहे. ‘१४० रुपये’ या उच्चाराने मुंबईच्या वाचकाला काहीच होणार नाही. ‘किलोला १ रुपया ४० पैसे’ हे वाचताच त्याच्या मनात त्याने स्वतः त्या आठवड्यात मोजलेला दर उभा राहतो आणि दोहोंमधले अंतर लेखकाने न सांगता त्याला कळते. एककाचा हा बदल म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेला अनुवादच आहे आणि वृत्ताची अर्धी व्यंजना त्यात साठलेली आहे. ५४ रुपयांचेही तसेच. टपालखाते मनीऑर्डरीवर दर २० रुपयांस किंवा त्याच्या अंशास १ रुपया घेत असे. १०६४ रुपयांस ते बरोबर ५४ होतात. दान देण्यासाठीही दंड भरावा लागला, हे वाक्य कोणा लेखकाला सुचले असते तर ते भडक वाटले असते. टपालाच्या दरपत्रकाने ते निर्विकारपणे लिहून ठेवले.

येथे प्रसंगाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ७५० किलोंना १ रुपया ४० पैशांनी गुणले तर १०५० येतात, १०६४ येत नाहीत. १०६४ साठी वजन ७६० किलो हवे. हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापणाऱ्या किती जणांनी गुणाकार करून पाहिला असेल, कोण जाणे. ‘साडेसातशे’ ही बोलण्यातली गोळाबेरीज आहे आणि तिने शेतकऱ्याच्या सांगण्याला यत्किंचितही बाध येत नाही. परंतु ज्या लेखनाचा सारा भार तपशिलावर आहे, त्या लेखनाने पट्टी स्वतः वाचावयास हवी. हिशेबपट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम हे सारे लिहिलेले असते. तीच वृत्तलेखाची खरी संहिता होय.

मात्र आकडे हे या वृत्ताच्या परिणामाचे साधन आहे, कारण नव्हे. कारण आहे ती कृती. भाव पडल्याच्या बातम्या नाशिक जिल्ह्याला नव्या नाहीत. रस्त्यावर ओतलेल्या कांद्याची छायाचित्रे दर एक-दोन वर्षांनी येतात आणि वाचक पान उलटतो. या शेतकऱ्याने केले ते वेगळे. मनीऑर्डरीचा वाच्यार्थ दान, व्यंग्यार्थ अभियोग. साहित्यशास्त्रात जिला विपरीतलक्षणा म्हणतात, स्तुतीच्या शब्दांनी निंदा आणि उपकाराच्या शब्दांनी अपकार सांगण्याची जी रीत, ती येथे शब्दांवाचून, टपालाच्या एका छापील फॉर्मवर सिद्ध झाली. म्हणजे वृत्तलेखाचा खरा रचनाकार तो शेतकरीच होता. पत्रकारांनी त्याची फक्त प्रत काढली. तो या वृत्तात दीन म्हणून येत नाही. तो काही करतो.

हे ‘करणे’ आता व्याकरणात पाहता येते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून मराठीतील प्रयोगविचार सर्वांच्या परिचयाचा आहे. माणूस वाक्यात तीन जागी येऊ शकतो. उदाहरणादाखल रचलेली ही वाक्ये घ्यावी : ‘मोर्चेकऱ्यांना फोड आले’, ‘मोर्चेकऱ्यांचे पाय सोलले’, ‘मोर्चेकऱ्यांनी रात्री चालावयाचे ठरविले’. पहिल्यात माणूस चतुर्थीत आहे. त्याच्यावर काही येते, त्याला काही मिळते, त्याला काही वाटते. दुसऱ्यात तो षष्ठीत आहे. तो आपल्या अवयवाचे विशेषण होऊन बसला आहे आणि वाक्याचा कर्ता पाय झाला आहे. तिसऱ्यात तो स्वतः कर्ता आहे. भावस्पर्शी म्हणून जे मराठी लेखन छापले जाते, त्यातील वाक्ये अशी वेगळी काढून पाहिली, तर पीडित माणूस बहुधा चतुर्थीत आणि षष्ठीत आढळतो. कर्त्याच्या जागी नेते, अधिकारी, संस्था, दाते आणि निसर्ग असतात. भाषेच्या सवयीने घडणारी ही गोष्ट आहे, त्यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. परंतु सवय निरपराध असली तरी तिचे फळ तसे नसते.

पायी मोर्चाचे वृत्त या दृष्टीने फार बोलके आहे. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून निघालेले हजारो स्त्रीपुरुष कसारा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला मुंबईत शीव येथील सोमय्या मैदानावर पोचले. घाटातून वाहत जाणाऱ्या लाल टोप्यांचे दृश्य आणि एका वृद्ध स्त्रीच्या सोललेल्या तळव्यांचे छायाचित्र, या दोन प्रतिमा त्या आठवड्यात सर्वत्र पसरल्या. त्या तळव्यांचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. ते छायाचित्र नसते, तर जे लोक मोर्चाची बातमी वाहतूककोंडीची सूचना म्हणूनच वाचतात, त्यांनी मान वर केली नसती. काव्यशास्त्राच्या परिभाषेत तो अनुभाव होता, आणि अस्सल होता.

त्याचा परिणाम काय झाला, हेही तितकेच स्पष्ट आहे. मुंबईकरांनी पाणी आणले, खाद्यपदार्थ आणले, आणि चपला आणल्या. हा प्रतिसाद उदार होता, आणि तर्कदृष्ट्या अचूकही होता : वृत्ताने पाय दाखविले, वाचकाने पायांचे उत्तर दिले. मोर्चेकरी मात्र चपला मागण्यास आले नव्हते. त्यांच्यात मोठा भाग सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासींचा होता आणि कर्जमाफीसारख्या मागण्यांच्या बरोबरीने त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ते कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळावा ही होती. वृत्तलेखांनी त्यांना ‘बळीराजा’ म्हटले, ‘पोशिंदा’ म्हटले, ‘अन्नदाता’ म्हटले. ही नावे आदराची खरी. पण ज्याच्या नावे कागदावर जमीनच नाही, त्याला राजा म्हणण्यात वृत्ताचा गाभाच झाकला जातो. भट्टनायकाने रसप्रक्रियेत साधारणीकरणाला जे स्थान दिले, ते काव्याला शोभते : सीता ही अमक्याची कन्या म्हणून न राहता वियोगिनी म्हणून प्रतीत होते आणि म्हणूनच प्रेक्षक आपला वैयक्तिक स्वार्थ विसरून रस घेतो. वृत्तलेखात हीच प्रक्रिया पुरी झाली तर अनर्थ होतो. पेठ तालुक्यातील वनजमीन कसणारी स्त्री ‘शेतकरी आजी’ होते, मग ‘आजी’ होते, मग दुःखाची मूर्ती होते. आणि मूर्तीचा दावा कोणत्याही समितीपुढे प्रलंबित नसतो. काव्यातील सहृदयाने काही करावयाचे नसते. वृत्तपत्राचा वाचक नागरिकही आहे, त्याला करता येण्यासारखे काही उरते. म्हणून येथे साधारणीकरण अर्ध्यावर थांबले पाहिजे. विशेष नाहीसा होता कामा नये.

‘आजी’ या शब्दाचे थोडे अधिक. मराठीत आदरार्थी बहुवचन ही सामाजिक मोजपट्टी आहे. मंत्री ‘म्हणाले’, जिल्हाधिकारी ‘म्हणाल्या’; सत्तरीची आदिवासी स्त्री मात्र पुष्कळदा ‘सांगते’, ‘म्हणते’. काही लेखक हा दोष टाळण्यासाठी तिला ‘आजी’ म्हणून नात्याचा आदर देतात. नाते दिले की आडनाव, गाव, गट क्रमांक यांची गरज संपल्यासारखी होते. जिव्हाळ्याने माणूस जवळ येतो आणि त्याचा पत्ता हरवतो.

तीच गत बोलीची. उद्धृत वाक्यात माणसाचा स्वर ऐकू आला की लेखनात जीव येतो, हे खरे आहे. परंतु सुरगाणा-पेठेकडील कोकणा, वारली किंवा महादेव कोळी माणसाच्या तोंडी ‘व्हय जी’, ‘म्या काय करू’ असली सरसकट ‘ग्रामीण’ म्हणून ओळखली जाणारी भाषा घालणे म्हणजे त्याचा स्वर काढून घेऊन तमाशाच्या फडावरचा स्वर त्याला देणे होय. त्या प्रदेशातील बोलींची रूपे, त्यांतील गुजराती आणि अहिराणीशी असलेले दुवे, यांना या कृत्रिम बोलीत जागा नाही. लेखकाला बोली येत नसेल तर प्रमाण मराठीत अनुवाद करावा आणि तसे सांगावे. तो अधिक प्रामाणिक मार्ग आहे. खोट्या बोलीने वाचकाला अस्सलतेचा भास होतो. ज्याचे शब्द म्हणून ते छापले त्याला ते वाचून दाखविले, तर तो ओळखणार नाही.

असे असूनही या मोर्चाच्या वृत्तांत एक असा क्षण आला की, ज्याने मुंबईचे मन खऱ्या अर्थाने हलविले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. सोमवारी सकाळी शहरातून मोर्चा नेला तर विद्यार्थ्यांची अडचण होईल म्हणून, दिवसभर चालून आलेल्या माणसांनी विश्रांती सोडून रात्रीच पुन्हा चालावयाचे ठरविले आणि १२ मार्चच्या पहाटेपूर्वी ते आझाद मैदानावर पोचले. या वृत्तात फोड नाहीत, अश्रू नाहीत. पाय आहेत, पण ते कोणाच्या तरी इच्छेने चालतात. वाक्याचा कर्ता बदलला आहे. आजवर ज्यांची दया यावयाची होती, त्यांनी वाचकाच्या मुलांची काळजी केली आणि दयेची दिशाच उलटली. चपलांचे चित्र पाहून वाचकाला दाता होता आले होते. रात्रीच्या चालीने त्याला ऋणी केले. भवभूतीचा पक्ष थोडा बाजूला ठेवून असे म्हणावे लागते की, येथे करुणाला वीराचा आधार मिळाला म्हणून तो टिकला. कांद्याच्या मनीऑर्डरीतही हेच घडले होते.

लेखकांत या मर्माची जाण कोणाला होती, असा प्रश्न केला तर अनिल अवचट यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ‘पूर्णिया’ पासून ‘माणसं’ पर्यंतच्या त्यांच्या लेखनात वाक्ये लहान आहेत, विशेषणे मोजकी आहेत, आणि प्रश्न जवळजवळ एकाच जातीचे आहेत : काम कसे करता, किती वाजता सुरू करता, नगाला किती मिळतात, त्यांतून कोण किती कापतो. वरवर कोरड्या अशा या चौकशीतून माणूस कर्ता म्हणून उभा राहतो, कारण ज्याला आपल्या कामाची रीत सांगता येते तो केवळ सोसणारा राहत नाही. पी. साईनाथ यांनी दुष्काळाच्या घटनेऐवजी दुष्काळ घडविणाऱ्या प्रक्रियेवर जो भर दिला, त्याचा रोखही हाच आहे. अवचटांच्या अनुकरणाने पुढे जे बरेच लेखन झाले त्याने त्यांची लहान वाक्ये उचलली, चौकशी उचलली नाही.

मोर्चापुरते पाहिले तर त्या चौकशीला वाव भरपूर होता आणि आहे. १२ मार्च २०१८ रोजी सरकारने लेखी आश्वासन दिले, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे त्यात होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला आणि नव्या आश्वासनानंतर नाशिकजवळच थांबला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदपर्यंत आला. या तिसऱ्या वेळच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की, कसणाऱ्याचे नाव सातबारा उताऱ्याच्या कब्जेदार सदरी लागावे. उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातून ‘कब्जेदार’ या रकान्यात जाणे, एवढ्यासाठी माणसे घाट उतरली. याहून अधिक भावस्पर्शी विषय वृत्तलेखकाला कोणता हवा? पण रकान्याचे छायाचित्र तळव्याइतके बोलत नाही. ते बोलते करण्यासाठी लेखकाला गावात जाऊन दाव्याची फाईल उलगडावी लागेल. कायद्याप्रमाणे जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असल्याचे दाखवावे लागते, आणि हक्क मिळतो तो फार तर ४ हेक्टरांवर. पुराव्यांत शेताचे बांध आणि सपाटीकरण चालते, घर-झोपडे चालते. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल पूर्वी केलेल्या दंडाची पावतीही चालते; म्हणजे ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरविले, तोच कागद मुलाला जपून ठेवावा लागतो, आणि ज्याने दंड चुकविला त्याच्या मुलाकडे तो नसतो. आणखी एक पुरावा ग्राह्य आहे : गावातील वडीलधाऱ्या माणसाचे, तो स्वतः दावेदार नसल्यास, लेखी निवेदन. ग्रामसभेपुढे असा म्हातारा उभा राहतो, बांध कोणी घातला, मोहाचे झाड कोणाच्या हद्दीत होते, नाचणी पहिल्यांदा कोणी पेरली ते सांगतो, आणि खाली अंगठा उठवितो.